बेंच चालू झाला, पण सगळी कार्डं हजर आहेत का? स्टार्टअपला हार्डवेअर आपोआप कसं तपासायचं

वाघोडियाहून आलेला प्रश्न थोडक्यात असा. कारखान्यात ट्रान्सफॉर्मर आणि मोटरच्या चाचणीचे बेंच आहेत, प्रत्येक बेंचला एक पीसी. पीसीत डेटा घेणारं पीसीआय एक्स्प्रेस कार्ड, पॉवर अ‍ॅनालायझर आणि तापमान मीटरसाठी दोन यूएसबी-सिरीयल कन्व्हर्टर, दोन लॅन पोर्ट आणि नेमप्लेटचा फोटो काढायला कॅमेरा. बहुतेक पीसी लिनक्सवर, काही विंडोजवर. रोज सकाळी ऑपरेटर पीसी चालू करतो, स्क्रीनवर नजर टाकतो आणि रजिस्टरमध्ये टिक करतो. तरी अधूनमधून सोमवारी एखादं कार्ड गायब असतं आणि ते कळतं अर्धी चाचणी झाल्यावर. इंजिनिअरने दहा वेळा रीस्टार्ट करून पाहिलं, दहाही वेळा सगळं जागेवर. हे सोमवारीच का होतं, आणि ही तपासणी आपोआप कशी करायची?

मी बडोद्यात मकरपुरा जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत) अशाच टेस्ट रॅकचं काम करतो, त्यामुळे सोमवारचं दुखणं चांगलं ओळखीचं आहे. रीस्टार्टमध्ये पॉवर सप्लाय चालूच राहतो. कार्डावरचे कपॅसिटर भरलेले असतात, त्यावरची चिप एकदा उठली की उठलेलीच असते. शनिवारी संध्याकाळी मेन स्विच पाडून सोमवारी उचलला की मात्र सगळं शून्यापासून. व्होल्टेज स्थिर व्हायचं, कार्डावरच्या एफपीजीएने (दर वेळी नव्याने जुळवणी करून घेणाऱ्या चिपने) आपलं कॉन्फिगरेशन फ्लॅशमधून वाचायचं, मग पीसीआय एक्स्प्रेसची लिंक जुळायची. रीसेट सुटल्यावर सिस्टिमने किमान १०० मिलिसेकंद थांबून मग कार्डाला पहिली हाक मारावी असा नियम आहे. एफपीजीए मोठी आणि फ्लॅश हळू असेल तर तेवढा वेळ पुरत नाही. त्या क्षणी कार्डाकडून ओ आली नाही की वाचलेल्या जागी सगळे बिट १ दिसतात, म्हणजे एफएफएफएफ, आणि बायोस (पीसी उठवणारा मदरबोर्डवरचा प्रोग्राम) स्लॉट रिकामा धरून पुढे जातो. नंतर कार्ड उठतं, पण हजेरी होऊन गेलेली असते. तुम्ही रीस्टार्ट मारता तेव्हा एफपीजीए आधीच तयार, म्हणून कार्ड लगेच सापडतं. दहा काय, शंभर रीस्टार्ट केले तरी हा दोष दिसायचा नाही.

पडताळून बघायला सोपं आहे. बायोसमध्ये फास्ट बूट बंद करा, आणि सुरुवातीला काही सेकंद थांबायची सोय असेल तर ती चालू करा. तेवढ्याने सोमवार सुधारला तर कारण सापडलं. मग कार्ड बनवणाऱ्याकडे नव्या फर्मवेअरची मागणी करता येते. दुसरा संशयित मदरबोर्डवरचा सीआर २०३२ सेल. तो मेला की मेन बंद असताना बायोसची सेटिंगं पुसली जातात आणि मूळ पदावर येतात. तुम्ही मुद्दाम चालू केलेला पोर्ट मग बंद दिसतो. आपल्याकडे दिवाळीत बंद पडलेले कारखाने लाभपाचमेला एकदम उघडतात, त्या सकाळी हे दोन्ही प्रकार हमखास भेटतात.

आता तपासणीकडे. ऑपरेटरची नजर इथे का कमी पडते ते आधी बघा. विंडोजचा डिव्हाइस मॅनेजर पिवळं चिन्ह दाखवतो ते दिसणाऱ्या पण बिघडलेल्या वस्तूपुढे. जी वस्तू बसवर, म्हणजे कार्डं आणि पोर्ट जोडणाऱ्या वाटेवर, आलीच नाही ती यादीतूनच गायब होते, चिन्ह लागायला ओळच उरत नाही. लिनक्समध्ये कार्डांची यादी दाखवणाऱ्या एलएसपीसीआय कमांडचंही तेच. ऑपरेटर मन लावून बघतो, वेडंवाकडं काही दिसत नाही, ‘बधुं बराबर छे’ म्हणतो आणि टिक करतो. त्याचं काय चुकलं? काय असायला हवं हे त्याच्यासमोर कुठे लिहिलेलंच नाही.

म्हणून पहिलं काम यादीचं. स्क्रिप्ट कोणीही तासाभरात लिहील, यादीला दोन दिवस लागतील आणि ते लागू द्यावेत. बहुतेक जण इथे पळवाट काढतात: एखाद्या चांगल्या दिवशी एलएसपीसीआय आणि यूएसबीची यादी देणाऱ्या एलएसयूएसबीचं आउटपुट साठवायचं आणि रोज त्याच्याशी ताडून बघायचं. ही पद्धत मला मुळीच पसंत नाही. त्या ‘चांगल्या’ दिवशी दोनपैकी एक मेमरी काडी सैल असेल तर सैल काडी हाच तुमचा मापदंड होऊन बसतो. शिवाय कोणी माउस बदलला, कोणी फोन चार्जिंगला लावला की फरक दिसतो आणि लाल दिवा लागतो. आठवडाभर असे खोटे लाल दिवे बघितले की आठव्या दिवशीचा खरा दिवाही कोणी बघत नाही.

यादी खरेदीच्या कागदावरून आणि रॅकच्या ड्रॉइंगवरून बनवा, पीसीच्या तोंडून नको. ज्या वस्तूशिवाय चाचणी थांबवाल तेवढ्याच वस्तू घ्या. एका बेंचची यादी साधारण अशी दिसेल:

बेंच ४
पीसीआय स्लॉट २, डेटा कार्ड: निर्माता क्रमांक, मॉडेल क्रमांक, ड्रायव्हरचं नाव, लिंकची रुंदी ४
यूएसबी मागचा वरचा डावा पोर्ट, अ‍ॅनालायझरचा कन्व्हर्टर: ०४०३:६००१ (निर्माता:मॉडेल), ड्रायव्हर एफटीडीआय-एसआयओ
यूएसबी मागचा निळा पोर्ट, कॅमेरा: वेग ५००० (मेगाबिट प्रति सेकंद), ड्रायव्हर यूव्हीसी-व्हिडिओ
मेमरी: दोन काड्या, प्रत्येकी ८ जीबी

ही कल्पना काही माझ्या पदरची नाही. लिनक्स कर्नलच्या स्वतःच्या चाचण्यांचा संच आहे, केसेल्फटेस्ट. त्यात पीसीआय आणि यूएसबीवरची उपकरणं नीट सापडतात का हे बघणारी चाचणी २०२४ मध्ये आली, आणि तीही याच तत्त्वावर चालते. प्रत्येक मॉडेलची एक यामल (साध्या मजकुराची) फाइल, तीत कुठल्या कंट्रोलरखाली कुठल्या वाटेवर काय असायला हवं ते माणसाने लिहिलेलं. स्क्रिप्ट यंत्राची ओळख डीएमआयमधून (बायोसने दिलेल्या माहितीतून) किंवा डिव्हाइस ट्रीमधून (बोर्डाच्या हार्डवेअरचं वर्णन करणाऱ्या फाइलमधून) घेते, त्या नावाची फाइल उघडते आणि प्रत्येक वस्तूसाठी दोन वेगळे निकाल देते: वस्तू हजर आहे का, आणि तिला ड्रायव्हर लागला का. एवढी रचना जशीच्या तशी उचला.

फक्त एक अडचण तुम्हाला येईल. तुमचे सगळे पीसी एकाच मदरबोर्डचे, म्हणजे मॉडेलवरून बेंच ओळखता येणार नाही. मग सीरियल नंबर बघू म्हणाल, तर सुटे भाग जोडून बनवलेल्या पीसीत त्या जागी पुष्कळदा ‘टू बी फिल्ड बाय ओईएम’ (बनवणाऱ्याने भरायचं) एवढंच लिहिलेलं असतं. आम्ही बेंचचा नंबर डिस्कवरच्या एका छोट्या फाइलमध्ये ठेवतो आणि जोडीला मदरबोर्डच्या लॅनचा मॅक पत्ता ताडून बघतो, म्हणजे कोणी डिस्क दुसऱ्या पीसीत लावली तर कळतं. यादीची फाइलच सापडली नाही, तर निकाल नापास. हे ठसवून सांगतो, कारण घाईत लिहिलेल्या स्क्रिप्टा यादी रिकामी असली की शून्य चुका मोजतात आणि हिरवा दिवा लावून मोकळ्या होतात.

हजर आहे आणि ड्रायव्हर लागला आहे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लिनक्समध्ये सिसएफएसच्या (कर्नल हार्डवेअरची माहिती फाइलींच्या रूपात दाखवतो त्या जागेच्या) बस विभागात पीसीआयखाली प्रत्येक कार्डाचा एक फोल्डर असतो. फोल्डर आहे म्हणजे कार्ड बसवर दिसलं. त्या फोल्डरमध्ये ‘ड्रायव्हर’ नावाची लिंक आहे म्हणजे कोणीतरी त्याचा ताबा घेतला. लिंक कुठे जाते तेही वाचा, नुसती आहे यावर समाधान मानू नका; कर्नल अपडेट झाल्यावर भलताच ड्रायव्हर पुढे येऊन बसू शकतो. फोल्डर नसेल तर स्क्रू-ड्रायव्हर घेऊन जायचं, फोल्डर असून लिंक नसेल तर कीबोर्ड घेऊन बसायचं. दोन निकाल वेगळे ठेवले की कोणाला बोलवायचं ते सकाळीच ठरतं.

तिसरी पायरी म्हणजे वस्तूला प्रत्यक्ष बोलतं करणं. कन्व्हर्टर सापडला, ड्रायव्हर लागला, पण पलीकडे अ‍ॅनालायझरचा स्विच बंद असेल तर? अ‍ॅनालायझर एससीपीआय (मोजमाप यंत्रांची आज्ञा-भाषा) समजणारा असेल तर त्याला आयडीएन, म्हणजे ओळख, विचारा, तो आपलं नाव-मॉडेल सांगतो. मॉडबस या औद्योगिक प्रोटोकॉलचा असेल तर एक रजिस्टर वाचून बघा. तुमच्याकडे दोन कन्व्हर्टर आहेत म्हणून ही पायरी सोडूच नका. स्वस्त सीएच ३४० वाल्या कन्व्हर्टरांना बहुधा स्वतःचा सीरियल नंबर नसतो. असे दोन लावले की दोघांचाही क्रमांक १ए८६:७५२३, ओळख तंतोतंत सारखी. साफसफाईत कोणी केबली उलटसुलट लावल्या तर हजेरी पूर्ण, ड्रायव्हर पूर्ण, आणि तापमानाच्या रकान्यात वीज मीटरचा आकडा. अशा वेळी लिनक्समध्ये सीरियलच्या ‘बाय-आयडी’ऐवजी ‘बाय-पाथ’ नाव वापरा, ते पोर्टच्या जागेवर बांधलेलं असतं, आणि केबलवर व पोर्टवर एकाच रंगाची पट्टी लावा. सीरियल नंबर असलेले कन्व्हर्टर घेणं हा खरा इलाज. त्यात वाचवलेले पैसे एका बिघडलेल्या रिपोर्टात परत जातात.

नावांबद्दल आणखी एक. एसडीए (डिस्क), टीटीवाय-यूएसबी-शून्य (सिरीयल कन्व्हर्टर) ही नावं जो आधी पोचेल त्याला मिळतात, त्यांच्यावर यादी बांधू नका. लॅनसाठी सिस्टिमडीने (लिनक्समध्ये बूटनंतर सेवा सुरू करणाऱ्या प्रोग्रामने) २०१३ मध्ये, १९७ व्या आवृत्तीत, स्थिर नावं आणली, पण त्यातलीही बरीचशी बस क्रमांकावरून ठरतात. शेजारच्या स्लॉटात नवं कार्ड घातलं की बसचे क्रमांक सरकतात आणि ईएनपी३एस० चं ईएनपी४एस० होतं. कार्ड जागेवरच असतं, तपासणी उगाच बोंब मारते. कंट्रोलरपासूनची वाट आणि निर्माता-मॉडेल क्रमांक यांची जोडी टिकाऊ.

वेळेचा प्रश्न वरवर क्षुल्लक वाटतो, पण खोट्या निकालांचं सर्वात मोठं कारण तोच. बूट होताना सगळं एका रांगेत होत नाही. ड्रायव्हर समांतर चालतात, काही मागे राहतात. एखाद्या ड्रायव्हरला आपल्याआधी दुसरा कोणी तयार हवा असेल, समजा रेग्युलेटर किंवा क्लॉक, तर तो ५१७ हा कोड परत करतो आणि कर्नल त्याला नंतर पुन्हा बोलावतो. एआरएम प्रोसेसरच्या बोर्डांवर हे फार. जे शेवटपर्यंत अडकून राहिले त्यांची यादी डीबगएफएसमध्ये (कर्नलच्या दोष शोधायच्या फाइलींत) ‘डिव्हायसेस डिफर्ड’ नावाने मिळते, नापास झाल्यावर ती फाइल लॉगबरोबर उचलून ठेवा. यावर लोकांचा ठरलेला उपाय म्हणजे स्क्रिप्टच्या सुरुवातीला ३० सेकंद झोप. ती कधी कमी पडते, बाकी वेळ फुकट जाते. उपकरणांच्या नोंदी संपेपर्यंत थांबणाऱ्या यूडेव्ह सेटल कमांडवर विसंबू नका. त्याला हातातली रांग संपली एवढंच कळतं, ज्या यूएसबी उपकरणाने अजून तोंडच उघडलेलं नाही त्याची त्याला खबर नसते, आणि सिस्टिमडीवालेही त्यावर अवलंबून राहू नका असंच सांगतात. अर्ध्या सेकंदाने यादी पुन्हा पुन्हा तपासत राहा, कमाल मर्यादा ६० सेकंद, आणि कोण किती सेकंदाला आलं ते लिहून ठेवा. हे आकडे मला पास-नापासपेक्षा जास्त उपयोगी पडतात. दोन सेकंदांत येणारा कॅमेरा महिनाभरात नऊ सेकंदांवर सरकला की केबल मागवायची वेळ झाली.

कॅमेऱ्याच्या वेगाची ओळ यादीत मुद्दाम घातली आहे. यूएसबी ३ च्या प्लगमध्ये नऊ संपर्क असतात, चार जुने आणि पाच नवे. नवे पाच नीट टेकले नाहीत, किंवा प्लग फार सावकाश आत गेला आणि जुने चार आधी जुळले, तर कॅमेरा यूएसबी २ म्हणून नोंदला जातो. सापडतो, ड्रायव्हर लागतो, चित्रही येतं, फक्त फ्रेम गळतात. सिसएफएसमधली ‘स्पीड’ फाइल वाचा: ५००० हवं तिथे ४८० दिसलं की नापास. पीसीआय कार्डाचीही हीच गत. चार लेनचं (डेटाच्या चार समांतर वाटांचं) कार्ड संपर्कावर धूळ बसल्याने एका लेनवर चालू शकतं, कोणाच्या लक्षातही येत नाही. तिथे चालू रुंदी वाचा, पण तुलना कार्डाच्या कमाल रुंदीशी करू नका, कारण स्लॉटच अरुंद असू शकतो; यादीत लिहिलेल्या आकड्याशी करा. लिंकचा वेग मात्र सहसा सोडून द्या. काही कार्डं, विशेषतः ग्राफिक्सची, रिकामी असताना वीज वाचवायला वेग उतरवतात. मेमरीचंही असंच: एकूण आकडा १६ जीबीला नेमका कधीच जुळणार नाही, थोडा भाग कर्नल आणि ग्राफिक्स राखून ठेवतात. डीएमआयडीकोड कमांडमधून काड्या मोजा.

आता खऱ्या थंड सुरुवातीच्या चाचण्या. लिनक्सच्या आरटीसीवेक कमांडने पीसी बंद करून ठरलेल्या वेळी उठवता येतो, पण तेवढ्याने सोमवार घडत नाही. पाच व्होल्टची स्टँडबाय वीज चालूच असते, बऱ्याच बोर्डांवर यूएसबी पोर्टही जिवंत राहतात. मेन लाइनवर रिले किंवा कॉन्टॅक्टर हवा, त्याला चालवायला एक वेगळं छोटं यंत्र, आणि बायोसमध्ये वीज परत येताच चालू होण्याचं सेटिंग. क्रम असा: पीसी आधी रीतसर शट डाउन, मग रिले तोडणार, मिनिटभर थांबणार म्हणजे कपॅसिटर उतरतील, मग जोडणार. फिरत्या डिस्कवर हे शेकडो वेळा करू नका, एसएसडी लावा.

किती वेळा? समजा कार्ड ५० सुरुवातींत एकदा रुसतं. २० वेळा करून बघितलं तर तो दोष एकदाही न दिसण्याची शक्यता ६७ टक्के निघते. ९५ टक्के खात्री हवी असेल तर साधारण १५० वेळा. एका फेरीला तीन मिनिटं धरली तर साडेसात तास, म्हणजे रात्री लावून घरी जायचं. हे रोज नको. नवा बेंच ताब्यात घेताना, बायोस किंवा कर्नल बदलल्यावर आणि कार्ड बदलल्यावर करा. जमल्यास एकदा मे महिन्यात दुपारी, पारा ४२ च्या पुढे असताना, आणि एकदा थंडीत पहाटे. वागणं वेगळं निघू शकतं.

विंडोजबद्दल थोडक्यात. २०१२ च्या विंडोज ८ पासून फास्ट स्टार्टअप आलं, त्यामुळे साधं शट डाउन करताना कर्नलचं सत्र डिस्कवर साठवलं जातं आणि दुसऱ्या दिवशी तेच उचललं जातं. ड्रायव्हर नव्याने सुरू होतात ते रीस्टार्टमध्ये. म्हणजे तिथे रीस्टार्ट आणि शट डाउन यांच्या चाचण्या वेगवेगळ्या वाटा तपासतात. बेंचच्या पीसीवर हे सेटिंग सरळ बंद करा. तपासायला पॉवरशेल या कमांड विंडोतला गेट-पीएनपीडिव्हाइस पुरतो. कोड २८ म्हणजे ड्रायव्हर नाही, १० म्हणजे ड्रायव्हर आहे पण उपकरण सुरू झालं नाही, ४३ म्हणजे उपकरणानेच हात वर केले. पूर्वी लावलेली, आता नसलेली वस्तू लपलेल्या नोंदींत कोड ४५ सह सापडते. पण यादी तिथेही तुमचीच हवी.

निकाल कुठे पाठवायचा? पीसीवरच ठेवू नका. जो पीसी उठलाच नाही तो नापास झाल्याचं कळवणार कसं? एका मधल्या यंत्राकडे सगळ्या बेंचची नावं द्या. ठरलेल्या वेळेपर्यंत ज्याचा निकाल आला नाही तोही लाल. चाचणीचं सॉफ्टवेअर हिरव्या निकालाशिवाय उघडूच देऊ नका, ऑपरेटरला त्याशिवाय बंधन वाटणार नाही. सिस्टिमडीचं जर्नल (प्रत्येक बूटची नोंदवही) डिस्कवर कायम राहील अशी व्यवस्था करा, नाहीतर वैतागून कोणी रीस्टार्ट मारलं की आधीच्या बूटचा पुरावा गेला. पीसीआय बस पुन्हा चाळून हरवलेलं कार्ड परत आणता येतं, आणि उत्पादन थांबलेलं असेल तर जरूर आणा, पण त्या बूटचा निकाल नापासच नोंदवा. आपोआप चाळणी करून हिरवं दाखवणारी स्क्रिप्ट मी आमच्याकडे चालू देत नाही.

आणि महिन्यातून एकदा मुद्दाम कॅमेऱ्याची केबल काढून बेंच चालू करा, लाल दिवा लागतो का बघा. कलाभवनातून (बडोद्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजातून) इंटर्नशिपला येणाऱ्या पोरांना मी हेच काम पहिलं देतो, त्यांना मजा येते आणि दर वेळी एखादं भोक सापडतं.

यादीच्या फाइली गिटमध्ये (प्रत्येक बदलाचा इतिहास ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) ठेवा. कार्ड बदललं, जागी दुसऱ्या मॉडेलचं आलं, की स्टोअरवाल्याच्या नोंदीबरोबर यादीतली ओळ बदलायची, तारीख आणि कारण लिहून. एखादी ओळ काही दिवस तपासायची नसेल तर ती पुसू नका. ‘अमुक तारखेपर्यंत वगळा’ असं तिच्यापुढे लिहा आणि ती तारीख उलटली की स्क्रिप्टने आपण होऊन ती पुन्हा तपासायला घेतली पाहिजे.